कानामागचा व्रण

धोटा उडाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. साल १९८६. बाबा भिवंडीतल्या एका कारखान्यात चार माग चालवायचे आणि सुट्टीच्या दिवसांत त्यांचा डबा घेऊन मी जायचे. आत एवढा खडखडाट की माणसं खुणांनीच बोलत. बाबांनी हात वर करून थांबायला सांगितलं, मला वाटलं बोलावतायत. लाकडी धोट्याच्या दोन्ही टोकांना लोखंड असतं. तो मागातून सुटला आणि माझ्या नाकाच्या मुळावर बसला.

सूज उतरली तेव्हा नाक मधोमध खचलेलं होतं आणि उजव्या नाकपुडीतून श्वास जात नव्हता. मुंबईच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर म्हणाले, पोर वाढीची आहे, आता हात लावला तर नाक पुन्हा वाकडं होईल. वाढ पुरी झाली की आणा. बाबा परतीच्या लोकलमध्ये ठाण्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

पुढच्या जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं. गल्लीत टीव्ही फक्त शेजारच्या खालांकडे, त्यामुळे रविवारी सकाळी सगळे तिथेच. मंथरा दिसली की पोरं माझ्याकडे वळून बघायची. एकदा आईला राहवलं नाही. ती म्हणाली, “ती बाई कोण आहे ठाऊक आहे का? ललिता पवार. आपल्या येवल्याच्या. नायिका होत्या त्या.” मग तिने ती हकिगत सांगितली. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड जोरात लागली, चेहऱ्यावरून वारं गेलं, डावा डोळा बारीक झाला तो कायमचा. उपचारांत तीन वर्षं गेली. नायिकेची कामं सुटली. “तेव्हा तो डोळा नीट करणारा कुणी भेटला असता, तर बाईंनी नको म्हटलं असतं का?” आईने विचारलं. कुणी काही बोललं नाही. खालांनी मला जवळ ओढून बसवलं.

‘श्री ४२०’मधली केळेवाली आणि ‘अनाडी’मधली मिसेस डिसा मी नंतर पाहिली. दुसऱ्या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं. दोन्ही वेळा मी गोष्ट विसरून त्या डोळ्याकडेच बघत राहिले. लोक म्हणतात, तो डोळा त्यांना लाभला. मला हे बोलणं पटत नाही. त्यांनी कष्टाने मिळवलेलं यश त्या थपडेच्या नावावर कशाला लावायचं?

१९९६ साली माझी शस्त्रक्रिया झाली. कानामागून कूर्चा काढून नाकाच्या खचलेल्या जागी बसवणार होते. आदल्या रात्री मला झोप येईना, तेव्हा रात्रपाळीच्या शिकाऊ डॉक्टरांनी खाटेजवळ उभं राहून कावसजीची गोष्ट सांगितली. हा मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेत होता. १७९२च्या लढाईत तो टिपूच्या माणसांच्या हाती सापडला आणि त्यांनी त्याचं नाक कापलं. पुण्याकडे विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाचं नाक घडवायचं, ते उलगडून कपाळावर ठेवून रेघ मारायची, तेवढं कातडं सोडवायचं, भुवयांमध्ये मात्र ते जोडलेलंच ठेवून खाली वळवायचं. १७९४ साली लंडनच्या मासिकात हे सचित्र छापून आलं आणि ते वाचून तिकडचे सर्जन ही कला शिकले. डॉक्टर म्हणाले, “ही विद्या तुमच्याआमच्याकडचीच आहे. घाबरू नका.” मी झोपले.

पट्टी निघाली तेव्हा आरशात बघायच्या आधी मी उजव्या नाकपुडीने श्वास घेतला. घरी आल्यावर बाबांच्या सदऱ्याला येणारा खळीचा आणि तेलाचा वास दहा वर्षांनी नीट आला.

आता दुपारी कांड्या भरताना बायका फोनवर नट्यांचे जुने-नवे फोटो लावून बघतात. हिने नाक केलं, तिने ओठ फुगवले. २०२१ साली प्रियांका चोप्राचं आत्मचरित्र आलं. नाकातली गाठ काढताना नाकाचा कणाच चुकून तासला गेला आणि नाक खचलं, असं तिने त्यात लिहिलंय. हातची कामं गेली, ते सुधारायला पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, आणि लोक मात्र तिला ‘प्लॅस्टिक चोप्रा’ म्हणत राहिले. मी हे बायकांना वाचून दाखवलं. वाचताना माझा आवाज चढला होता. त्यातली एक म्हणाली, “पण ताई, तुमचं वेगळं. तुम्हाला लागलं होतं.” मी म्हटलं, कुणाला कुठे लागलंय ते फोटोत कसं दिसणार? हौसेने केलं असेल तरी चेहरा तिचा, दुखणं तिचं.

भाची शेजारी बसून ऐकत होती. सात वर्षांची आहे. तिने माझ्या नाकाला हात लावून विचारलं, “मावशी, हे खरं आहे की केलेलं?”

मी तिचं बोट धरलं आणि कानामागच्या व्रणावरून हळूच फिरवलं.