काटेपूर्णेची चित्रवही

अकोला शहराच्या नळांना येणारे पाणी महानच्या धरणातले, म्हणजे काटेपूर्णा नदीचे. त्या जलाशयाभोवतालचे पानझडीचे सागवानी रान १९८८ पासून अभयारण्य म्हणून राखले गेले आहे. पाणी घरी येते. रानाकडे मात्र आपणच जावे लागते. आमच्या आजींना ते आता शक्य नव्हते. गुडघे थकले होतेच, शिवाय यंदाच्या चातुर्मासात त्यांनी देशव्रत घेऊन शहराची वेस हीच आपली मर्यादा ठरवली होती. क्षमावणीच्या दिवशी त्यांना रानाची चित्रवही भेट द्यावी, असे आम्ही घरच्यांनी योजिले.

छायाचित्रे वर्षभराची होती. हिवाळ्यात जलाशयावर उतरलेली पाहुणी बदके, फाल्गुनातला निष्पर्ण, केशरी पळस, श्रावणात फुललेला साग. घरट्याचे चित्र एकही नाही. माणूस जवळ रेंगाळला की पक्षी अंड्यांवरून उठतो आणि कावळा टपलेलाच असतो. दोन चित्रे तेवढी शहरातली, कृषी विद्यापीठाच्या शिवारातली. रुई-सरकीचे भाव तोंडपाठ असणाऱ्या आमच्या घरात पऱ्हाटीचे फूल कोणी निरखून पाहिलेच नव्हते! पहिल्या दिवशी ते फिकट पिवळे असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. ही दोन्ही रूपे समोरासमोरच्या पानांवर लावली.

बांधणी दुकानातल्या जुन्या खातेवहीसारखी: लाल खारव्याचे वेष्टन आणि दोऱ्याची शिवण. सरस हाडाकातड्यापासून होतो, म्हणून कणकेची खळ शिजवली. स्टुडिओतील छायाचित्राच्या कागदावरही जिलेटिनचा थर असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून चित्रे साध्या जाड कागदावर शाईने छापून घेतली. प्रत्येक पानामागे शिवणीशी कागदाची पट्टी घातली, नाहीतर चित्रांच्या जाडीने वही तोंडाशी फुगते. चित्रे चिकटवली नाहीत. कागदाचे त्रिकोणी कोपरे लावून त्यांत सरकवली. कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी सोबत ठेवली.

वही हाती घेताच आजींनी विचारले, "तिकडून काय आणले आहे?" मर्यादेबाहेरची वस्तू आणविणे हा देशव्रताचा 'आनयन' नावाचा अतिचार, तत्त्वार्थसूत्रात तो सांगितला आहे. पान नाही, पीस नाही, वाळलेले फूलही नाही, असे आम्ही सांगितले. अभयारण्यातून काही उचलण्यास मनाई आहेच. शिवाय त्यांनी मागितले नव्हते. तेव्हा माझ्या मते दोष लागत नव्हता. आजींना ते पटले नाही. "वस्तू नाही आली, पण मन जाईल," एवढेच त्या म्हणाल्या.

त्यांनी पऱ्हाटीची दोन चित्रे कोपऱ्यांतून अलगद सरकवून काढून घेतली. ती शहरातली होती. बाकीची वही वेष्टनात बांधून, कार्तिक पौर्णिमेपर्यंत, कपाटात वरच्या फळीवर ठेवायला सांगितली.