समास

कागदाला उभी घडी घालून डाव्या हाताला चार बोटे समास सोडल्याखेरीज लेखणी टेकवायची नाही, हा दंडक मला वडिलांनी घालून दिला. ते कोल्हापूरच्या एका कचेरीत कारकून होते, आणि अर्जाचा मजकूर कितीही मुद्देसूद असला तरी समासात वरिष्ठांचा शेरा पडेपर्यंत तो निर्जीवच, अशी त्यांची श्रद्धा होती. पुढे मी कथा लिहू लागलो तेव्हाही समास इमानाने सोडीत गेलो. तो कोराच परत येई, सोबत 'साभार परत'ची छापील चिठ्ठी.

१९२३ साली पुण्यात रविवारच्या चहाभोवती जमलेल्या रविकिरण मंडळाविषयी करवीर नगर वाचन मंदिरात बसून मी प्रथम वाचले, तेव्हा त्या कवींच्या कीर्तीपेक्षा, लिहिलेले ऐकवायला हक्काची चार माणसे असण्याच्या त्या चैनीचाच मला अधिक हेवा वाटला. त्यांतले माधव जूलियन पुढे आमच्याच राजाराम महाविद्यालयात आले. फारसीचा हा अध्यापक अखेरीस 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून परकीय शब्दांच्या मागे लागला. माझ्या वडिलांचा 'शेरा' त्याच्या तावडीतून सुटला असता की नाही, कोण जाणे!

माझा रविवार उगवला तो २०२० च्या टाळेबंदीत, मोबाइलवर. आम्ही सहा जण, त्यांत निपाणीच्या एक निवृत्त शिक्षिका आणि गडहिंग्लजचा एक तरुण. पहिले दोन महिने केवळ 'छान', 'अप्रतिम' आणि जोडलेले हात. व्हॉट्सॲपला समास नसतो, शेरा मजकुराशेजारी न राहता खाली घसरत जातो, आणि घसरता घसरता त्याची स्तुती होते, हे ध्यानी आल्यावर मी कायदे केले: पंधरवड्याला एकच कथा, 'छान' या शब्दास बंदी, ज्या वाक्याविषयी बोलायचे ते आधी उतरवून घ्यावे, आणि लेखकाने चार दिवस अवाक्षर काढू नये. या शेवटच्या कलमावरून तरुण माझ्याशी पुष्कळ भांडला. आरोपीलादेखील कैफियत मांडू देतात, असे त्याचे म्हणणे. मी बधलो नाही.

मग माझी पाळी आली. वडिलांवरची कथा होती. चाळीस वर्षे मनात घोळलेली. पहिल्याच रात्री बाईंनी माझे एक वाक्य उतरवून त्याखाली लिहिले, "यात कचेरी आहे, टाक आहे, घडीचा कागद आहे. सर, वडील कुठे आहेत?"

उत्तर द्यायला मला अजून चार दिवस होते.