स्थळाची वही

दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी कण्याची. जन्मानं ती आईच्या भिशीची वही. पहिल्या अकरा पानांवर चाळीतल्या बायकांची नावं आणि शंभर-शंभरचे आकडे आहेत. भिशी मोडली आणि २००४च्या दिवाळीनंतर वडिलांनी वही ताब्यात घेतली. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. गिरगावातली खोली धाकट्या काकांना द्यायची आणि आपण कल्याणला जायचं, असं मोघम ठरलं होतं. बाराव्या पानावर त्यांनी गोदीतल्या कारकुनाच्या वळणदार अक्षरात मथळा घातला : ‘कल्याण – स्थळ’.

त्यांना स्थळ म्हणजे जागा एवढंच म्हणायचं असावं. वहीनं मात्र दुसरा अर्थ धरला आणि त्या दिवसापासून ती लग्नाच्या मुलीच्या आत्यासारखी वागू लागली. समोर पोहे आले की आधी बशीखालची धूळ पाहणारी आत्या.

सुरुवात घराण्यापासून. कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणाऱ्या कल्याणकरांची नावं आहेत. १६५७ला शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, खाडीवर जहाजबांधणी सुरू केली. १८५४च्या मेमध्ये रेल्वे ठाण्याहून पुढे इथवर आली. १८६५ला डॉक्टर आनंदीबाई जोशींचा जन्म इथला. चार ओळींत घराणं संपलं आणि खाली लगेच : ‘पाणी किती वाजता? जोर किती? टाकी स्वतंत्र का?’

मग ती प्रत्यक्ष निघाली. कपड्याच्या दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत, वडिलांच्या काखेत. रविवारी कधीच गेली नाही, कारण रविवारी गावंसुद्धा भांग पाडून बसतात. ती गेली मे महिन्यातल्या मंगळवारी, भर दुपारी. बेस्टच्या दिव्याखाली जन्म गेलेल्या माणसाला भारनियमन हा शब्द फक्त पेपरात वाचून माहीत. त्या पानावर ‘वीज नाही’ असं तीनदा लिहिलंय आणि तिसऱ्यांदा लिहिताना शाई घामानं फुटलीय. दलालानं दाखवलेल्या घराची बाकी माहिती त्या डागाखाली गेली. वडिलांनी ती पुन्हा लिहून काढली नाही.

रेल्वेची पानं तेवढी पेन्सिलीनं आहेत. छत्रपती शिवाजी टर्मिनसपासून चोपन्न किलोमीटर, फास्टनं तास-सव्वा तास. पण वेळापत्रक बदलतं, म्हणून शाई वाया घालवायची नाही. एकच वाक्य पेनानं, खाली दोन रेघा मारून : ‘कसारा आणि कर्जत इथूनच फुटतात.’ ताई नाशिकला दिलेली, मी पुण्यात नोकरीला. दोघांकडे जाणारे रूळ जिथं वेगळे होतात तिथंच बिऱ्हाड करायचं, हा हिशेब त्यांनी आम्हाला कधी बोलून दाखवला नाही. वही चाळताना मला तो सापडला.

२६ जुलै २००५ला वही घरीच होती. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि इकडे उल्हास-वालधुनी काठ सोडून वस्त्यांत शिरल्या. पाणी ओसरल्यावर ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात वडील मोजपट्टी घेऊन कल्याणला गेले. आई चिडली, लोक चिखल उपसतायत आणि तुम्ही घर बघायला जाताय? त्यांचं म्हणणं एवढंच, की भिंतीवरची रेघ चुना लागायच्या आत बघायला हवी. सात इमारतींपुढे रेघेची उंची लिहिली आहे. एकीसमोर मोजपट्टीचा आकडा नाही, ‘माझ्या छातीपर्यंत’ असं आहे. ती इमारत आधी त्यांना पसंत होती. तिच्याभोवतीचं लाल वर्तुळ तसंच आहे, फक्त त्यावर फुली आलीय.

कागदपत्रांच्या पानावर वही तर थेट उद्धट होते. सातबारा, मंजूर नकाशा, भोगवट्याचा दाखला, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. दलालानं झेरॉक्स दाखवली की वही विचारणार, अस्सल कुठंय? एकानं वैतागून म्हटलं, काका, तुम्हाला घर घ्यायचंय का पीएचडी करायचीय? तेही वाक्य तारखेसह नोंदलेलं आहे.

बिऱ्हाड आल्यावरही तिची चौकशी थांबली नाही. १९१४चा पत्रीपूल २०१८मध्ये पाडला तेव्हा तिच्यात ‘पाडला’ एवढंच आलं. नवा पूल २०२१च्या जानेवारीत सुरू झाला तोवर त्या ओळीसमोर वळसा घेण्यात गेलेल्या वेळेचे आकडे साठत राहिले. २०२४मध्ये उच्च न्यायालयानं कल्याण-डोंबिवलीतल्या बनावट परवानग्यांच्या ६५ इमारती पाडायचा आदेश दिला. त्या सकाळी वडिलांनी पेपर वाचून घडी घातली, कपाटातून वही काढली, कागदपत्रांचं पान उघडलं आणि पुन्हा मिटलं. चहा झाल्यावर म्हणाले, “त्या घरांत राहणाऱ्यांनीही झेरॉक्स पाहिलीच असेल रे.” त्या दिवशी वहीत काही लिहिलं नाही.

पण हे सगळं फार नंतरचं. २००६चा एप्रिल संपला, वडील निवृत्त झाले आणि निर्णयाचं पान कोरंच राहिलं. बेतुरकरपाड्यातली एक जुनी, पहिल्या मजल्यावरची जागा वहीच्या सगळ्या परीक्षांत उतरली होती, तरी त्यांचा हात वळेना. स्टेशनपासूनचं अंतर त्यांनी तीनदा चालून पाहिलं होतं : ‘२३ मिनिटं (हिच्या चालीनं).’ आईचे गुडघे दुखत. ती सोबत नसताना ते तिच्यासारखं, टेकत टेकत चालले होते. घड्याळ लावून.

जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, आई पहिल्यांदा सोबत गेली. स्टेशनबाहेर फूटपाथवर मुरबाडकडच्या बायका गोणपाट अंथरून बसल्या होत्या. आई थांबली.

“शेवळं कशी दिलीस गं?”

“दहाला जुडी, आई. सकाळीच काढलीत.”

“आणि काकडं?”

“ती घ्या की त्यातच.”

आईनं जुडी नाकाशी धरली, देठ दाबून पाहिले, परत ठेवली, दुसरी उचलली. पुढच्या बाईकडे टाकळा होता, तिच्या पलीकडे कंटोळी. प्रत्येकीचं गाव विचारून झालं. कोणाची लेक शहापूरला दिलीय तेही कळलं. वडील वही काखेत धरून बाजूला उभे, घड्याळाकडे बघत.

“गिरगावात याचे तिप्पट घेतात, आणि वर काकडं नाहीतच,” आई म्हणाली. “घेऊन टाका.”

“घेतलीस ना दोन जुड्या?”

“जागा म्हणतेय मी.”

त्यांनी पाण्याबद्दल, विजेबद्दल, रेघेबद्दल सांगायला तोंड उघडलं. आईनं त्यांच्या काखेतली वही काढून घेतली, भाजीवालीच्या टोपलीवर टेकवली आणि कोऱ्या पानावर लिहिलं : ‘शेवळं २ जुड्या – २० रु. काकडं त्यातच.’ बाराव्या पानापासून पुढे तिच्या अक्षरातली ती एकच ओळ आहे.

बेतुरकरपाड्याला पोचल्यावर वडिलांनी जिन्यात उभं राहून आधीचं पान काढलं, ‘२३ मिनिटं’ खोडलं आणि वर लिहिलं : ‘सव्वा तास.’