भरभराटीच्या कुळातली काटकसर

इंग्रजीतला ‘थ्रिफ्ट’ हा शब्द ऐकायला तसा रुक्ष. एका दमात उच्चारून संपणारा, शेवटच्या ‘ट’वर थबकणारा. अर्थ विचारला तर कुणीही सांगेल, काटकसर. पण शब्दकोश चाळायची सवय असली की एखादा शब्द वाटेत अडवतोच. थ्रिफ्टने मला अडवलं ते त्याच्या जुन्या अर्थामुळे. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत थ्रिफ्ट म्हणजे भरभराट. माणूस नांदता असणं, त्याचं बरं चाललेलं असणं.

‘थ्राइव्ह’ म्हणजे फोफावणं, आणि थ्रिफ्ट हे त्याच घरातलं भावंड. दोघंही उत्तरेकडच्या समुद्रावरून आलेली. आठव्या शतकाच्या अखेरीस व्हायकिंगांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावर धाडी घालायला सुरुवात केली. पुढे त्यांच्यातले कितीतरी जण तिथेच शेतीवाडी करून राहिले आणि त्यांची बोली शेजाऱ्यांच्या इंग्रजीत मिसळली. त्यांच्या भाषेतल्या मूळ क्रियापदाचा अर्थ होता पकडणं, मुठीत घेणं. स्वतःसाठी घट्ट धरून ठेवणं, यातूनच वाढणं हा अर्थ निघाला. हाताला लागलं ते निसटू दिलं नाही, म्हणून घर वाढलं. थंड प्रदेशात, लहानशा उन्हाळ्यात पिकलेलं धान्य लांबलचक हिवाळ्याला पुरवणाऱ्या माणसांना हे कुणी समजावून सांगायची गरज नसावी.

याच माणसांनी इंग्रजीला ‘हजबंड’ हा शब्द दिला. मुळात तो घरधनी, घर आणि जमीन राखणारा. त्यावरून ‘हजबंडरी’ म्हणजे शेती, आणि त्याच शब्दात जपून वापरणं हाही अर्थ. पिकवणं आणि पुरवणं ही एकाच हाताची कामं होती, त्यांना शब्दही एकच पुरला.

मग भरभराटीची काटकसर कधी झाली? सोळाव्या शतकात हा पालट दिसू लागतो, आणि शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही अर्थ अगदी जवळजवळ भेटतात. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधला शायलॉक आपल्या कमाईला, नफ्याला थ्रिफ्ट म्हणतो. त्यानंतर थोड्याच वर्षांत आलेल्या ‘हॅम्लेट’मध्ये राजपुत्र तोच शब्द कडवटपणे उच्चारतो. बापाच्या मृत्यूनंतरच्या जेवणातलं उरलंसुरलं आईच्या लग्नाच्या पंगतीला वाढलं गेलं, केवढी ही काटकसर, असं तो होरेशोला सांगतो. एकाच नाटककाराच्या लेखणीत एका शब्दाची सकाळ आणि दुपार दिसावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

जुना अर्थ मात्र पुरता गेला नाही. ‘स्पेंडथ्रिफ्ट’ म्हणजे उधळ्या, हे शाळेत पाठ करताना अनेकांना कोडं पडतं. काटकसर नावात असलेला माणूस उधळ्या कसा? थ्रिफ्ट म्हणजे जमलेली पुंजी, हे कळलं की कोडं सुटतं. जमलेलं वैभव खर्चून टाकणारा तो स्पेंडथ्रिफ्ट.

आणि थ्रिफ्ट नावाचं एक फुलझाडही आहे. ब्रिटनच्या खडकाळ किनाऱ्यांवर, जिथे माती जेमतेम आणि वारा खारा, तिथे ते उगवतं. गवतासारख्या बारीक पानांचे, उशीसारखे गोल झुबके कातळाला घट्ट बिलगून असतात. वसंत सरता सरता त्यांतून सडसडीत देठ वर येतात आणि प्रत्येकाच्या टोकाला गुलाबी फुलांचा एकेक गेंद डुलू लागतो. मूठभर मातीत, मिठाच्या माऱ्यात ते नुसतं तगत नाही, बहरतं. शब्दाचा हरवलेला अर्थ या झाडाने जपला आहे.

हेच फूल ब्रिटिशांनी नाण्यावरही आणलं. 1937 ते 1952 या काळातलं सहाव्या जॉर्जचं तीन पेनीचं पितळी नाणं हातात घेतलं, की आधी बोटांना त्याच्या बारा कडा लागतात. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला थ्रिफ्टची फुलं. किरकोळ किमतीच्या, गरिबाच्या खिशातही सहज असणाऱ्या नाण्यावर हे फूल असावं, हे मला फार योग्य वाटतं.

स्कॉटलंडमधल्या रुथवेल गावात 1810 साली हेन्री डंकन या धर्मोपदेशकाने बचत बँक काढली, तीही अशाच खिशांसाठी. इतर बँकांत खातं उघडायला दहा पौंड लागत. तेवढे मजुराकडे कुठून येणार? डंकनच्या बँकेत सहा पेनी पुरत. गरिबाच्या पैशालाही व्याज मिळावं, तोही वाढावा, ही त्यामागची दृष्टी होती.

आपल्याकडच्या बचत गटांना इंग्रजी कागदपत्रांत ‘थ्रिफ्ट अँड क्रेडिट ग्रुप’ म्हटलेलं आढळतं, तेव्हा म्हणूनच बरं वाटतं. दरमहा बायका थोडे थोडे पैसे टाकतात आणि त्यातूनच आळीपाळीने कर्ज घेतात. कुणाची शेळी येते, कुणाचं शिलाई मशीन, कुणाच्या मुलीची फी भरली जाते. शब्द तिथे आपल्या मूळ अर्थाला परत येतो. मराठीत याला बरकत म्हणतात.

काटकसरीला आपण उगाचच चिक्कूपणाच्या पंगतीला बसवलं आहे. चिक्कू माणूस मूठ मिटतो आणि ती मिटलेलीच ठेवतो. काटकसरी माणूस पेरणीसाठी ती उघडायला विसरत नाही. तेव्हा पोरांना काटकसर शिकवताना नुसतं ‘जपून वापर’ एवढ्यावर थांबू नका. जपलेल्यातून काय वाढवायचं आहे, तेही त्यांना सांगा.