मिरजेचा ‘मरिज’

रोज सकाळी लॅपटॉप सुरू केला की मी आधी एक काळी खिडकी उघडतो. तिचं नाव विम. प्रोग्राम लिहायचं साधन. मेनू नाही, बटणं नाहीत, माऊसची गरज नाही. नुसतीच उघडली तर मधोमध काही ओळी दिसतात, आणि त्यांत युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, असं लिहिलेलं असतं. नव्या पोरांना ही जाहिरात वाटते. खरं तर ती किंमत आहे. नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनार यांनी १९९१ साली हे साधन लोकांपुढे ठेवलं, फुकट. आवडलं तर युगांडातल्या किबाले इथल्या मुलांसाठी काही द्या, एवढंच त्यांचं मागणं. ऑगस्ट २०२३ मध्ये ते वारले, तेव्हा ऑफिसात आम्ही तिघं-चौघं चहाच्या मशीनपाशी गप्प उभे होतो. बाकीच्यांना कळेना काय झालं. मी मनातल्या मनात ‘इन्ना लिल्लाही’ म्हटलं.

हत्याराचा हा लळा मला दादांकडून आला असावा. माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जन्मभर तंबोऱ्यांची जवारी लावत होते. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा सपाट नसतो, किंचित उतरता असतो. तो उतार बरोबर जमला तर तार छेडल्यावर सूर एकदम संपत नाही, फुलत जातो. त्यावर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवायचा, तो केसभर इकडे की तिकडे यावर सगळं अवलंबून. दादा कानस एकदा फिरवायचे, तार छेडायचे, मान तिरकी करून ऐकायचे, पुन्हा कानस. अर्धा दिवस एका घोडीवर जायचा. माझं काम याहून फार वेगळं नाही. फरक एवढाच की माझी चूक झाली तर मला मागं जाता येतं. दादांची कानस एकदा जास्त चालली की घोडी फुकट.

काम करताना माझ्या कानात बहुतेक वेळा अब्दुल करीम खाँसाहेब असतात. जुन्या ७८च्या तबकड्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. कैराण्यात जन्मलेला हा माणूस मिरजेचा झाला, ‘चंद्रिका ही जणू’सारखं नाट्यपद तबकडीवर गाऊन गेला, आणि १९३७ साली वारल्यावर त्यांना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं गेलं. उरुसात तिथं रात्रभर गाणं होतं. लहानपणी दादा मला न्यायचे. आम्ही पुढं बसायचो नाही; कुणाचा तंबोरा उतरला तर दादा हाताशी असावेत म्हणून मागं. गाण्यातलं मला काही कळत नव्हतं, मी त्यांच्या मांडीवर झोपून जायचो. आज तबकडीच्या खरखरीमागून तंबोरा ऐकू आला की मात्र त्यांच्या सदऱ्याचा पॉलिशचा वास येतो.

दादा तीन वर्षांपूर्वी गेले. चाळिसाव्यानंतर अब्बा म्हणाले, कबरीवर साधा कतबा लावू, वर उर्दू, खाली मराठी. नाव, वफातीची तारीख, गाव. घरात कॉम्प्युटरवाला मी, म्हणून काम माझ्याकडे.

दगड कोरणाऱ्याला छापील नमुना लागतो. तो बनवून देणाऱ्या दुकानात ड्रॉइंगचं जुनं सॉफ्टवेअर होतं. मी पुण्याहून मजकूर पाठवला, त्यानं नमुना परत पाठवला. मराठी ओळीत ‘मिरज’चं झालं होतं ‘मरिज’! मी खो खो हसलो. गाव दवाखान्यांचं, तेव्हा अगदीच चूक म्हणता येणार नाही. अब्बांना दाखवलं, तेही हसले. दादा गेल्यानंतर पहिल्यांदा. मी दुकानदाराला फोन करून युक्ती सांगितली, की आधी वेलांटी टाइप करा आणि मग म. नमुना सुधारून आला. मी ‘ओके’ कळवलं आणि घरच्या ग्रुपवर टाकला.

दहा मिनिटांत फुफीचा फोन. “बाबा, ये किसका नाम है?”

उर्दूची ओळ उलटी आली होती. डावीकडून उजवीकडे, आणि एकेक अक्षर सुटं. मला अक्षरं सुटी दिसली होती, नाही असं नाही. पण वाटलं, दगडावर कोरायला सुटीच लागत असतील. मी मराठी शाळेत शिकलो. मकतबात कुरआन वाचायला शिकलो तो जेर-जबर लावलेल्या अरबीत. बिनखुणांची उर्दू मला ओळखता येते, वाचता येत नाही. ऑफिसात लोक म्हणतात, ‘तुझं मराठी किती शुद्ध आहे रे’, आणि लग्नाकार्यात नातेवाईक माझ्या उर्दूला हसतात. दोन्हींची सवय झाली होती. पण त्या दिवशी वेलांटी पुढं गेलेली मला क्षणात दिसली आणि दादांचं नाव मोडलेलं दिसलं नाही. फुफी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

चूक दोन्ही ओळींत एकच होती. ‘मिरज’ टाइप करताना आपण आधी म देतो, मग वेलांटी, आणि कॉम्प्युटर तोच क्रम साठवतो. दाखवताना वेलांटी मागं आणून ठेवावी लागते. उर्दूतही नुसतं अक्षर साठवलेलं असतं. ते शब्दात सुरुवातीला आहे, मध्ये की शेवटी, ते पाहून रूप निवडावं लागतं. त्यात नस्तालिकचा शब्द सरळ ओळीत बसत नाही, वरून सुरू होऊन डावीकडे खाली उतरत येतो. हे काम आज बहुतेक ठिकाणी हार्फबझ नावाचं छोटं सॉफ्टवेअर करतं. क्रोममध्ये ते आहे, फायरफॉक्समध्ये आहे, अँड्रॉइड फोनमध्ये आहे. मूळ इराणच्या बेहदाद इस्फहबोद यांनी ते वाढवलं. नाव फारसी आहे, हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे खुलं. तुम्ही ही मराठी ओळ फोनवर वाचत असाल तर तिची वेलांटी बहुधा त्यानंच जागेवर ठेवली आहे. बारा वर्षं मी ते रोज वापरत होतो, आणि त्याचं नाव कळलं ते दादांच्या कतब्यामुळं.

मग मी इंकस्केपमध्ये नमुना स्वतः केला. नोटो नस्तालिक हा फुकट मिळणारा फॉन्ट घेतला, आणि दुकानात पुन्हा मोडू नये म्हणून सगळ्या अक्षरांच्या नुसत्या रेषा करून टाकल्या. पाठवण्याआधी फुफीकडून तीनदा वाचून घेतला.

कतबा लागला. पण माझ्या मनातून ते जाईना, म्हणून कलम आणली. आता आठवड्यातून दोनदा ऑफिस सुटल्यावर फुफी व्हिडिओ कॉलवर मला शिकवते. कलमेनं काढलेला चौकोनी ठिपका, म्हणजे नुक्ता, हेच यातलं माप. नस्तालिकचा अलिफ तीन नुक्ते उंच. बगदादचा वजीर इब्न मुकला यानं दहाव्या शतकात अक्षरं अशी मापात बसवली, असं मानतात. पुढं दरबारी राजकारणात त्याचा उजवा हात तोडला गेला. कलम जाड घेतली की अक्षर आपोआप त्याच प्रमाणात मोठं होतं. पडद्यावर अक्षर मोजायला पिक्सेल लागतात, इथं कलमच फूटपट्टी.

माझी बडी ये अजून शेपूट तुटलेल्या पतंगासारखी येते. परवा खाँसाहेबांची भैरवी लावून बसलो आणि तासाभरात दादांचं पूर्ण नाव लिहिलं, कशातही न बघता. फोटो काढून फुफीला पाठवला.

उत्तर आलं, “नाम सही है। अलिफ बुटका है।”