हॉटेलात कामाला

आमच्या चकलांब्यात 'हॉटेल' म्हणजे काय हे आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं भलतंच वाचलं जाईल. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, दारात भट्टी, कढईत भजी, दोन बाकडी आणि पाण्याचा जग. तिथे राहत कुणी नाही. राहायची सोय असते त्याला 'लॉज' म्हणतात, आणि लॉजवर चांगल्या घरातला माणूस जात नाही असा गावाचा ठाम समज आहे. अशा गावात बारावी झालेला पोरगा जेव्हा जाहीर करतो की मला 'हॉटेल मॅनेजमेंट' करायचंय, तेव्हा घरात काय झालं असेल याची कल्पना तुम्हीच करा :)

हा पोरगा म्हणजे माझा धाकटा चुलतभाऊ. त्याने विठ्ठल कामतांचं 'इडली, ऑर्किड आणि मी' वाचलं आणि तिथून हे खूळ (तात्यांचा शब्द) डोक्यात शिरलं. तात्यांचं म्हणणं सरळ होतं. "पैसे भरून हॉटेलात कामाला लागायचं म्हणतंय. अरे, फुकट ठेवून घ्यायला गेवराईत काय कमी हॉटेलं हायेत का? तूच सांग आता त्याला." घरात मीच एकटा 'मोठ्ठी हॉटेलं बघितलेला', म्हणून निकाल माझ्याकडे आला.

बघितलीत हे खरं, पण पाहुणा म्हणून नाही. माझी नोकरी पुण्यात, हॉस्पिटॅलिटी डोमेनमध्ये. हॉटेलं जे सॉफ्टवेअर वापरतात, म्हणजे पीएमएस, त्याची इम्प्लिमेंटेशन्स आम्ही करतो. कुठली खोली साफ, कुठली अजून तपासायची, कुणाच्या बिलात काय चढवायचं, कुठल्या पाहुण्याला उशी मऊ लागते... सगळं त्यात. आम्ही आत जातो ते स्टाफच्या दाराने, आणि गो-लाइव्ह नेहमी रात्री, कारण हॉटेलचा दिवस बारा वाजता संपत नाही. तो 'नाइट ऑडिट' झाल्यावर संपतो. सगळ्या खोल्यांचं भाडं आणि कर बिलांवर चढतात, हिशेब जुळतो, मग सिस्टीमची तारीख पुढे सरकते. तोवर बाहेर उजाडलं तरी हॉटेलात कालच असतो.

तर अशा दोन गो-लाइव्हची ही तुलना. एक बँकॉकचं पंचतारांकित हॉटेल, एक मुंबईचं. दोन्हींची नावं सांगत नाही, आणि दोन हॉटेलांवरून दोन देश ठरत नाहीत हेही मला कळतं.

पाहुण्याच्या बाजूने बघाल तर फारसा फरक नाही. तिकडे हात जोडून 'वाय', इकडे हात जोडून नमस्ते. तिकडे थंडगार सुगंधी टॉवेल, इकडेही तोच. फरक दिसतो तो सॉफ्टवेअरमधल्या एका कंटाळवाण्या स्क्रीनवर, तिचं नाव 'यूजर राइट्स'. कोण कुठलं बटण दाबू शकतो याची यादी. माझं मत असं झालंय की हॉटेलचं मॅनेजमेंट कसं आहे हे लॉबीत कळत नाही, या यादीत कळतं.

बँकॉकच्या हॉटेलात फ्रंट डेस्कवरच्या मुलीला ठराविक रकमेपर्यंत बिलातली एखादी रक्कम स्वतः माफ करायचा अधिकार होता. पाहुणा म्हणाला मिनीबारमधलं पेय मी घेतलंच नाही, की विषय तिथेच संपला. मुंबईत दहा रुपये कमी करायचे तरी ड्यूटी मॅनेजरचा पासवर्ड लागायचा. आता ड्यूटी मॅनेजर एका वेळी चार ठिकाणी कसा असणार? म्हणून त्याचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून ड्रॉवरमध्ये ठेवलेला होता, आणि तो सगळ्या डेस्कला पाठ होता! म्हणजे कागदावर अधिकार एकाला, प्रत्यक्षात सगळ्यांना आणि जबाबदारी कुणालाच नाही. आयटीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

रिट्झ-कार्लटन कंपनीचा एक नियम हॉटेलच्या धंद्यात फार प्रसिद्ध आहे. पाहुण्याची अडचण सोडवायला कुठलाही कर्मचारी वरच्याला न विचारता २००० डॉलरपर्यंत खर्च करू शकतो. एवढी रक्कम क्वचितच कुणी वापरत असेल. पण 'तू ठरव' असं वेटरला सांगणं आणि 'साहेबांना विचारून सांगतो' असं त्याच्या तोंडी बसवणं, यात त्या माणसाची किंमत ठरते.

आता लगेच 'वा, थायलंड भारी' म्हणू नका. दुसरी बाजू ऐका.

थाई भाषेत 'क्रेंग जाय' असा एक शब्द आहे. इंग्रजीत त्याचं भाषांतर करताना लोकांची दमछाक होते, पण मराठी माणसाला चटकन कळतो. आपली 'भीड', तीच जवळपास. समोरच्याला आपल्यामुळे त्रास नको, त्याला अवघडल्यासारखं नको. पाहुण्याला या भिडेचा फायदाच मिळतो, तुम्ही मागण्याआधी पाणी येतं. पण ट्रेनिंगमध्ये मात्र वीस जण हसून माना डोलावतात, एकही शंका विचारत नाही, कारण शंका विचारली तर शिकवणाऱ्याला नीट शिकवता आलं नाही असं होईल ना! दुसऱ्या रात्री नाइट ऑडिट अडीच वाजता अडकलं. मला फोन आला सकाळी साडेसहाला. "तुम्ही झोपला असाल म्हणून..." मुंबईत उलटं. पहिल्या दहा मिनिटांत तिघांनी सुनावलं की जुनी सिस्टीम हीच बरी होती, आणि रात्री एका चुकलेल्या कॉमासाठीही फोन खणखणायचा.

म्हणजे बँकॉकवाले ठरवायचे, पण वर कळवायचे नाहीत. मुंबईवाले सगळं वर कळवायचे, पण ठरवायचे नाहीत. चांगल्या हॉटेलला दोन्ही लागतं.

पगाराची गोष्टही सांगतो, कारण तात्यांना ती आधी हवी होती. थायलंडच्या मोठ्या हॉटेलांत दरापुढे 'प्लस प्लस' लिहिलेलं असतं. पहिला प्लस १० टक्के सर्व्हिस चार्ज, दुसरा त्या बेरजेवर ७ टक्के व्हॅट. १००० बाथचं जेवण ११७७ला पडतं. बहुतेक मोठ्या हॉटेलांत हा सर्व्हिस चार्ज दरमहा स्टाफमध्ये वाटला जातो, भांडी घासणाऱ्यालाही वाटा. म्हणून तिथल्या कँटीनमध्ये ऑक्युपन्सी किती हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी. आपल्याकडे जुलै २०२२मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं की बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. ग्राहक म्हणून मला ते पटतं. पण हिशेबाची दुसरी बाजू अशी की पाहुण्यांची गर्दी वाढली तर भांडी घासणाऱ्याला त्यातलं काय मिळतं, याचं उत्तर तिकडे बिलावर छापलेलं असतं, इकडे नसतं.

अर्थात वाटा म्हणजे तोट्यातही वाटा. २०१९ साली थायलंडला जवळपास ४ कोटी परदेशी पर्यटक आले. २०२१ साली साडेचार लाखही नाहीत. आयटीत आम्ही तेव्हा घरी बसून पगार घेत होतो. हॉटेलवाल्यांना 'वर्क फ्रॉम होम' नसतं. हे मी भावाला पहिल्यांदा सांगितलं.

मग वर चढायची शिडी. बँकॉकचं ओरिएंटल हे जुनं, नदीकाठचं, जगभर नावाजलेलं हॉटेल. तिथे कुर्ट वाख्टफाइटल नावाचा जर्मन माणूस चार दशकं जनरल मॅनेजर होता, २००९मध्ये निवृत्त झाला. सर्व्हिस थाई, वरची खुर्ची युरोपियन, असा तो जमाना. त्याच शहरात चनुट पियाउई या थाई बाईंनी १९७०मध्ये दुसित थानी उभं केलं, तेव्हाची बँकॉकमधली सगळ्यात उंच इमारत. ती २०१९मध्ये बंद करून पाडली आणि नवं दुसित थानी २०२४मध्ये उघडलं. आपल्याकडे ताज १९०३चं, टाटांचं. ओबेरॉय ग्रुपचे मोहनसिंग ओबेरॉय तर शिमल्याच्या सेसिल हॉटेलात महिना ५० रुपयांवर क्लार्क म्हणून लागले होते. तेव्हा शिडी आहे. पण ती खालच्या पायरीपासून चढावी लागते, आणि खालची पायरी म्हणजे खरोखर कप-बशा. तात्या तिथे बरोबर होते.

इथपर्यंत ऐकून तात्या गप्प होते. मग मी त्यांना ताजची गोष्ट सांगितली.

२६ नोव्हेंबर २००८ची रात्र आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्या हल्ल्यात ताजच्या कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना सोडून पळ काढला नाही. जनरल मॅनेजर करमबीर सिंग कांग यांची बायको आणि दोन लहान मुलं वरच्या मजल्यावर आगीत गेली, आणि ते खाली पाहुण्यांना बाहेर काढत राहिले. पुढे रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी यावर अभ्यास करून डिसेंबर २०११मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये लेख लिहिला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या रात्री १२०० ते १५०० पाहुणे सुटले आणि ११ कर्मचारी गेले. ही माणसं अशी का वागली? शोध घेताना ते भरतीपर्यंत पोचले. ताज महानगरांपेक्षा लहान शहरांतून मुलं निवडतं. मुंबईऐवजी पुणे, दिल्लीऐवजी चंदीगड, डेहराडून. (पुण्याला 'लहान शहर' म्हटलंय हे माझ्या सदाशिव पेठेतल्या मित्राने अजून माफ केलेलं नाही.) बघतात काय? मोठ्यांचा मान ठेवतो का, अडचणीतही हसतमुख असतो का, आणि घराला या पगाराची गरज किती आहे. मग धंद्यात साधारण १२ महिने ट्रेनिंग देतात तिथे हे १८ महिने देतात.

तात्यांना कौतुक वाटलं. मला मात्र त्या तिसऱ्या निकषाने बरेच दिवस छळलं. 'गरज किती आहे' हे बघून माणूस निवडणारे आमच्या बीड जिल्ह्याला नवे नाहीत. ऊसतोडीचा मुकादम दुसरं काय बघतो? ज्याच्या घरी लग्न आहे, आजारपण आहे, त्याला उचल देतो, आणि मग नवरा-बायकोचा एक 'कोयता' सहा महिने कारखान्यावर. गरजू माणूस मन लावून काम करतो हे मुकादमालाही ठाऊक आहे आणि ताजलाही. मग फरक कुठला? मला सापडलेला फरक एवढाच, की मुकादम आधी पैसे देतो आणि माणूस बांधला जातो, इथे आधी शिकवतात आणि माणूस दुसऱ्या हॉटेलात जायला मोकळा होतो. फरक लहान वाटतो, पण आमच्याकडे पिढ्या त्यात गेल्या आहेत.

बरं, शिकायला मुंबईलाच जावं लागतं असंही नाही. दादरचं कॅटरिंग कॉलेज १९५४चं, सगळ्यांना माहीत असतं. पण आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर), १९८९मध्ये मौलाना आझाद एज्युकेशनल ट्रस्ट आणि ताज ग्रुप यांनी मिळून हॉटेल मॅनेजमेंटची संस्था काढली, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. सरकारी संस्थांसाठी वेगळी प्रवेश परीक्षा असते, ती देशभरातून एकच.

माझा निकाल? मी 'हो' म्हणालो, तीन गोष्टी लिहून देऊन. एक, सणासुदीला घरी येणं विसर, लोकांची सुट्टी हाच तुझा हंगाम. दोन, पहिली काही वर्षं माझ्या कंपनीतल्या फ्रेशरपेक्षाही पगार कमी असेल, त्यामुळे कर्ज काढून महागडं खाजगी कॉलेज नको. तीन, इंग्रजी. तात्यांची चौथी अट, परीक्षेआधी पोराने कुठेतरी उभं राहून काम करून दाखवावं.

म्हणून सध्या साहेब बीडला एका केटररकडे लग्नाच्या पंगतीत वाढपी आहेत. पाय सुजतात म्हणाला. परवा फोनवर मात्र वेगळंच सांगत होता. "दादा, आमच्यात एक वयस्कर वाढपी हाय. दुसरी पंगत बसली की तो नुसती माणसं मोजतो आणि आचाऱ्याला जाऊन सांगतो, तिसऱ्याला भात कमी पडतोय, आत्ताच टाक. मालकाला विचारत नाही. टाकून झाल्यावर मालकाला सांगतो फक्त."

मी त्याला म्हटलं, त्या माणसाच्या मागेमागे राहा. महिनाभर तरी.