तळघराचे दार

बाजारपेठेतील जुन्या घरांची रचना व्यापाराच्या सोयीने झालेली असते. पुढे दुकान, मागे राहते घर आणि खाली तळघर. जमिनीखालची जागा उन्हाळ्यातही थंड राहते, चोराच्या नजरेपासूनही दूर असते. म्हणून गुळाच्या ढेपा, तेलाचे डबे आणि घरची वर्षाची बेगमी तेथे ठेवली जाई. तळघराचा जिना मात्र बहुधा उरल्यासुरल्या जागेत बसवलेला. दोन भिंतींमध्ये उभ्या चढणीच्या पायऱ्या आणि त्यांच्या माथ्यावर एक दार. पाहुण्यांना ते दिसत नाही, म्हणून घरच्यांचेही त्याकडे लक्ष जात नाही.

धान्याचा व्यापार करणाऱ्या एका कुटुंबाचे लक्ष या दाराकडे गेले ते आजींचा पाय घसरल्यावर. आजींचे वय 78. संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी व्हावयाचे, म्हणून त्या लगबगीने डाळ आणावयास निघाल्या होत्या. दार पुढे ढकलले, ते जिन्यावर उघडले आणि त्याच्याबरोबर त्याही पुढे ओढल्या गेल्या. दाराची मूठ हातातून सुटली नाही, म्हणून दुखणे मनगट मुरगळण्यावर निभावले. त्याच रात्री थोरल्या चिरंजीवांनी दाराला कुलूप घातले आणि किल्ली गादीजवळच्या खणात ठेवली. “आई, काय हवे ते पोराला सांग. तू आता खाली उतरायचे नाहीस.”

आजींनी वाद घातला नाही. पण त्या घरी सून म्हणून आल्यापासून तळघर हेच त्यांचे कार्यक्षेत्र होते. उन्हाळ्यात गहू वाळवणे, तुरीला एरंडेल चोळणे, कणगीत कडुनिंबाचा पाला घालणे आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक पोत्यात हात घालून धान्य गरम तर लागत नाही ना, हे पाहणे. ओल धरलेले, कीड लागू घातलेले धान्य आतून तापते. जैन घरात ही काळजी आधीच घ्यावी लागते. जीव पडल्यावर धान्य दळताही येत नाही आणि टाकून देताना मनही धजत नाही. कुलूप लागल्यानंतर महिन्याभरात हरभऱ्याच्या एका पोत्यात भुंगे निघाले. पोऱ्या रोज खाली जात होता. पण सांगितलेले आणावे एवढेच त्याचे काम होते.

तेव्हा सूनबाईंनी यजमानांपाशी विषय काढला. “अहो, आईंना अडवण्यापेक्षा दाराचेच काही करता येईल का?”

सुतारमिस्त्री आले. त्यांनी माप घेण्याआधी आजींना विनंती केली, “आजी, नेहमी जाता तशा एकदा दार उघडून दाखवा. खाली उतरू नका.” ते पाहताच दोष उघड झाला. उंबरठ्यालगतच पहिली पायरी होती. मध्ये पाऊलभरही सपाट जागा नव्हती. उतरताना दाराच्या मागे झुकावे लागे. वर येताना तर ओझे हातात घेऊन पायरीवर उभे राहावयाचे, दार अंगाकडे ओढावयाचे आणि त्याला वाट देण्यासाठी पुन्हा एक पायरी मागे सरावयाचे. दार जिन्यात फिरत असल्यामुळे भिंतीवरचा हाताचा कठडाही तिसऱ्या पायरीपासून सुरू झाला होता. जेथे आधार सर्वांत अधिक हवा, तेथेच तो नव्हता.

उपाय अनेक सुचले. वरच्या दोन-तीन पायऱ्या मोडून सपाट जागा करावी, तर उरलेला जिना आणखी उभा होणार. आधीच त्याची पायरी नऊ इंच उंच आणि आठ इंच रुंद. राष्ट्रीय इमारत संहिता, 2016 नुसार घरातील जिन्याची पायरी 190 मिलिमीटरपेक्षा उंच आणि 250 मिलिमीटरपेक्षा अरुंद नसावी. म्हणजे साडेसात इंच आणि दहा इंच. बाहेर पडण्याच्या मार्गावरील दार थेट जिन्यावर उघडू नये, निदान दाराच्या रुंदीइतकी सपाट जागा मध्ये असावी, असेही ती संहिता सांगते. सरकते दार करावे, तर ते सरकण्यासाठी बाजूला अडीच फूट मोकळी भिंत नव्हती. अडीच फुटांची फळी बोळात उघडावी, तर एका बाजूला ती स्वयंपाकघराच्या चौकटीवर आदळे आणि दुसऱ्या बाजूला कपाटावर. दार काढूनच टाकावे, तर रांगते नातवंड घरात.

मिस्त्रींनी चौकटीचा रंग खरवडला तेव्हा उत्तर सापडले. बोळाच्या अंगाला, दोन्ही उभ्या लाकडांवर, लुकणाने बुजवलेल्या बिजागऱ्यांच्या खाचा होत्या. मूळ दार दोन फळ्यांचे होते आणि ते बोळात उघडत असे. पुढे कधीतरी दुरुस्तीत प्लायवूडची एकच सपाट फळी स्वस्त आणि चांगली दिसते म्हणून बसवली गेली. बोळात ती मावेना, म्हणून तिला जिन्याकडे वळवले गेले.

जुन्याच खाचांवर नव्या दोन फळ्या बसल्या, प्रत्येकी सव्वा फुटाची. उघडल्या की त्या दोन्हीकडच्या भिंतींना टेकतात. दार अंगाकडे ओढताना माणूस आपोआप पक्क्या जमिनीवर मागे सरतो. वर येताना कोपराने ढकलले तरी वाट मोकळी होते. पलीकडून येणारे दिसावे म्हणून वरच्या भागात जाळी ठेवली. तिच्यातून तळघराला हवाही मिळू लागली. कठडा थेट चौकटीपर्यंत आणला. दिवा वरून आणि खालून, दोन्हीकडून लावता येईल अशी बटणे बसवली. पहिल्या पायरीच्या कडेला पांढरा पट्टा ओढला. खाली कोणी असताना वरून चुकून कडी लागू नये म्हणून ती आतूनही उघडेल अशी केली आणि नातवंडासाठी उंचावर बसवली.

काम दोन दिवसांत आटोपले. चिरंजीवांनी किल्ली आईंच्या हाती दिली. अट एवढीच घातली, की ओझे पोऱ्याने उचलावे. आजींनी ती मान्य केली आणि पहिल्याच दिवशी हरभऱ्याची उरलेली पोती वर उन्हात काढावयास लावली.

म्हातारे माणूस पडले की घरात प्रथम त्याचे फिरणे बंद होते. त्यामागे मायाच असते; पण त्या मायेने माणसाचे काम जाते आणि कामाबरोबर त्याचे घरातील स्थानही जाते. धोक्याची जागा तशीच राहते, पुढच्या माणसाची वाट पाहत. म्हणून कुलूप शोधण्याआधी ते दार कोणत्या अंगाला उघडते, पाय टेकावयास जागा किती आहे आणि हाताला आधार कोठून मिळतो, एवढे तरी प्रत्येक घराने पाहून घ्यावे.